मुलांची शाळा, मुलांचे उपचार आणि पालकांचे हक्क: नव्या पालकांसाठी मार्गदर्शक

ज्यांचे पहिले मूल यंदा किंवा पुढच्या वर्षी शाळेत जाणार आहे, अशा महाराष्ट्रातील पालकांसाठी हा लेख लिहीत आहे. शाळा आणि दवाखाना या दोन ठिकाणी पालकाला एकसारखाच अनुभव येतो. समोरचा माणूस घाईत असतो, आपल्याला नियम माहीत नसतात, आणि मुलाच्या काळजीपोटी आपण समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतो. प्रत्यक्षात या दोन्ही ठिकाणी कायद्याने बरेच काही दिलेले आहे. मात्र ते तोंडी मागून क्वचितच मिळते आणि लेखी मागितले की बहुतेक वेळा मिळते, हा माझा स्वतःचा आणि माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या पालकांचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला राहायला गेलो, तेव्हा मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी मी अठरा दिवस शाळेत खेटे घातले. रोज एकच उत्तर मिळे, की सही करणारे साहेब आज नाहीत, उद्या या. शेवटी एका ओळखीच्या निवृत्त शिक्षिकेने सांगितले, तसा मी साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहून नेला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. लिपिकाने अर्ज वाचला, तो घेऊन आत गेले, बाहेर येऊन शिक्का मारला आणि शिक्क्याच्या चौकटीत निळ्या शाईने आवक क्रमांक व तारीख लिहिली. तिसऱ्या दिवशी दाखला माझ्या हातात होता. त्या दिवसापासून मी कोणत्याही पालकाला पहिला प्रश्न हाच विचारते, की पोच आहे का?

पहिली पायरी: फाइल आणि जन्मदाखला

मुलाच्या नावाची एक स्वतंत्र फाइल आजच करावी. तिच्यात सर्वांत आधी जन्मदाखला ठेवावा आणि तो नीट वाचून पाहावा. रुग्णालयातून जन्माची नोंद होताना बाळाचे नाव ठरलेले नसते, त्यामुळे असंख्य दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते आणि हे पालकांना शाळेच्या खिडकीशी गेल्यावर कळते. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून साधारणपणे पंधरा वर्षांपर्यंत. हे काम महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, केंद्राच्या सुधारित कायद्यानुसार, शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून या मुलांच्या पालकांनी तर ही दुरुस्ती पुढे ढकलू नये.

त्याच वेळी हेही माहीत असावे, की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (ज्याला आपण सगळे आरटीई म्हणतो) याच्या कलम १४ नुसार केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधार कार्डाचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. सध्या शाळा ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांकडून संमतीपत्र भरून घेत आहेत. ते संमतीपत्र आहे याचा अर्थच असा, की पालक विचार करून सही करू शकतात, सही न करण्याचा निर्णय घेऊ शकतात आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतात.

दुसरी पायरी: प्रवेश अर्ज भरतानाचा अर्धा तास

या अर्ध्या तासाकडे पालक सर्वांत कमी लक्ष देतात आणि पुढे सर्वांत जास्त हेलपाटे याच अर्ध्या तासामुळे पडतात, म्हणून येथे थोडे थांबून लिहिते. आपण भरलेल्या अर्जावरून शाळा मुलाची नोंद जनरल रजिस्टरमध्ये करते. हे लांबलचक पानांचे जाड रजिस्टर असते आणि त्यात एका ओळीत मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मस्थळ, धर्म, जात, पोटजात आणि आधीची शाळा अशी माहिती उतरवली जाते. दहा-बारा वर्षांनी मिळणारा शाळा सोडल्याचा दाखला हा त्या एका ओळीची नक्कल असतो, आणि पुढे जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट या सगळ्या ठिकाणी त्याच ओळीचा आधार घेतला जातो. मूल शाळेत शिकत असेपर्यंत या नोंदीतील चूक मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त करून घेता येते. शाळा सोडल्यानंतर मात्र तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. त्यामुळे प्रवेश झाल्यावर पहिल्या महिन्यातच ‘माझ्या पाल्याची जनरल रजिस्टरमधील नोंद तपासण्याची परवानगी मिळावी’ असा दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि ती ओळ बोट ठेवून वाचावी. ‘दीक्षित’ आणि ‘दिक्षित’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरकसुद्धा पुढे प्रतिज्ञापत्र करायला लावतो.

आईच्या नावाविषयी एक स्वतंत्र गोष्ट. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. त्याआधी जन्मलेल्या मुलांच्या बाबतीतही, वडिलांची सही नाही म्हणून आईने भरलेला अर्ज बाजूला ठेवला जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा उल्लेख उपयोगी पडतो. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की वडील हयात असूनही मुलाची देखभाल प्रत्यक्षात आई करत असेल तर ती नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. २०१५ च्या निकालात अविवाहित मातेला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मिळू शकते हे मान्य झाले. एकट्या आयांनी या दोन निकालांची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर करून ठेवावी. मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश झालेला असेल, तर त्याची प्रत शाळेत देऊन मुलाला शाळेतून कोण घेऊन जाऊ शकेल हे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले दाराशी उभ्या असलेल्या शिपायापर्यंत पोहोचत नाही.

प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी, देणगी यांपैकी काहीही घेण्यास आरटीईच्या कलम १३ ने मनाई केली आहे. चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. ‘सहज गप्पा मारायला बोलावले आहे’ असे शाळेने सांगितले तरी, त्या गप्पांवर प्रवेश ठरत असेल तर ती मुलाखतच होय.

तिसरी पायरी: पंचवीस टक्के राखीव जागा

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत आणि त्या मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत असते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग मुले हे वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सध्या या तरतुदीतून बाहेर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट देणारी अधिसूचना राज्य शासनाने काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. त्यामुळे ‘आता आरटीईतून इंग्रजी शाळा मिळत नाहीत’ हे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात आणि सोडत निघते. निवड होऊनही प्रवेश हुकतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण नकाशावरची खूण. घराचे ठिकाण दाखवणारा तो फुगा नेमका आपल्या इमारतीवर न ठेवता शाळेजवळ सरकवला, तर पडताळणी समिती पत्ता आणि नकाशा ताडून पाहते आणि प्रवेश रद्द होतो. सायबर कॅफेतल्या मुलाच्या हाती हे काम सोपवू नये, स्वतः शेजारी बसावे. दुसरे कारण कागदपत्रांच्या तारखा. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जातीचा दाखला हे अर्ज भरण्यापूर्वीच्या तारखेचे असावे लागतात, आणि परराज्यातील जातीचा दाखला येथे चालत नाही. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून ही तयारी प्रक्रिया जाहीर होण्याआधीच, दिवाळीच्या सुमारास सुरू करावी.

प्रवेश मिळाल्यावर या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवणे, वेगळ्या वेळेत बोलावणे किंवा त्यांच्या हजेरीसमोर खूण करणे हे कायद्याच्या विरुद्ध आहे. मी हे पाहिले आहे आणि ते पाहून झालेला संताप अजून गेलेला नाही. असे घडल्यास त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्यावी, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला हा भेद समजतो.

चौथी पायरी: शुल्क आणि शिक्षक-पालक संघ

खासगी शाळेतील पालक शुल्कवाढीविषयी सर्वाधिक बोलतात, परंतु ज्या ठिकाणी ती ठरते तिथे फार थोडे जण बसतात. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई अशा सर्व मंडळांच्या शाळांना लागू आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांत शिक्षक-पालक संघ स्थापन व्हायला हवा, ज्याचा प्रत्येक पालक आपोआप सदस्य असतो. त्यातून इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडली जाते. ‘चिठ्ठ्या टाकून’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण अनेक शाळा आपल्या मर्जीतील पालकांची नावे थेट जाहीर करतात. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो, समितीने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते, आणि समिती व व्यवस्थापन यांच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर पंचवीस टक्के पालक एकत्र आले तर त्यांनाही तक्रार घेऊन जाता येते. एकट्या पालकाला ही वाट उपलब्ध नसल्याने वर्गातल्या इतर पालकांशी ओळख वाढवणे हा येथे कायदेशीर तयारीचाच भाग ठरतो.

म्हणून जून-जुलैमध्ये तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी, शुल्क मंजूर केलेल्या सभेचे इतिवृत्त आणि शुल्काचा तपशील बाबनिहाय. शासकीय व अनुदानित शाळांमध्ये असा संघर्ष नसतो. तेथे आरटीईच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शासकीय शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील आईने या समितीत जरूर जावे. शौचालयाला पाणी आहे का, हा प्रश्न तिथेच ठरावात आणता येतो.

शुल्क थकले म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर नाव वाचणे किंवा प्रगतिपुस्तक अडवणे यांकडे पालक आपलीच चूक म्हणून पाहतात. थकबाकी हा पालक आणि संस्था यांच्यातील व्यवहार आहे, आणि तिच्यासाठी मुलाला अपमानित करणे हा आरटीईच्या कलम १७ ने मनाई केलेला मानसिक छळ आहे. छडी, चापट, उठाबशा यांनाही तेच कलम लागू होते. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला आधी पुनर्परीक्षेची संधी द्यावीच लागते आणि त्यातही तो अनुत्तीर्ण झाला तरच त्याच वर्गात ठेवता येते.

शाळा सोडल्याच्या दाखल्याविषयी आरटीईचे कलम ५ काय सांगते ते नीट समजून घ्यावे. मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश रोखू शकत नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. माझ्या त्या अर्जातील मजकूर एवढाच होता: ‘माझी पाल्य कु. … , इयत्ता तिसरी, तुकडी ब, हिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यासाठी मी दि. … पासून तोंडी विनंती करत आहे. आरटीई अधिनियमाच्या कलम ५ नुसार दाखला तत्काळ देणे बंधनकारक आहे. तो कोणत्या तारखेस मिळेल हे कृपया लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. तारीख विचारली की उत्तर टाळणे कठीण जाते.

पाचवी पायरी: तक्रार कोणाकडे न्यावी

आधी मुख्याध्यापक. सात-आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर तालुक्याच्या ठिकाणी पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी किंवा शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागातील अधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक अथवा माध्यमिक), मुंबईत माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षक, आणि मग विभागीय शिक्षण उपसंचालक. आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पुढच्या प्रत्येक अर्जासोबत आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडावी. शाळा पोच द्यायला नकार देत असेल, तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती फाइलमध्ये लावावी. शिक्षण विभागाकडे काय हालचाल झाली हे जाणून घ्यायला माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

मुलाच्या अंगाशी गैरवर्तन झाल्याचा संशय असेल, तर ही शिडी लागू नाही. तेथे सरळ पोलीस ठाण्यात जावे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करावा. पॉक्सो कायदा, २०१२ (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने, शाळेच्या प्रमुखानेसुद्धा, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती समोर असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ‘शाळेची बदनामी होईल, आपण आत मिटवू’ असे कोणी म्हणाले तर त्या चर्चेला बसूच नये. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील समिती) यांविषयी सर्व शाळांना आदेश दिले आहेत. आपल्या शाळेत या समितीवर कोण आहे, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

सहावी पायरी: शाळेतले आरोग्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातील सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यातील फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करते. हृदयातील छिद्र, दुभंगलेले ओठ, ऐकू कमी येणे, वाढीतील विलंब असे काही आढळले, तर पथक संदर्भ चिठ्ठी देते आणि पुढील तपासण्या व शस्त्रक्रियाही या कार्यक्रमातून मोफत होतात. ती चिठ्ठी दप्तरातच चुरगळून जाते, हे मी दोनदा पाहिले आहे. तपासणीच्या दिवशी संध्याकाळी दप्तर उघडून पाहावे आणि वर्गशिक्षकांना काय सांगितले हे विचारावे.

लसीकरण किंवा जंतनाशक गोळ्यांच्या मोहिमेआधी शाळेने पालकांना माहिती द्यायला हवी. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हरकत घेतली होती. संमतीचा हा हक्क मुलाची लस चुकवण्यासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा खरा उपयोग मुलाला कशाची ॲलर्जी आहे, त्याला आकडी येते का, कोणते औषध सुरू आहे, हे शाळेला लेखी कळवण्यासाठी करावा. हे पत्र दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांच्या नावाने पुन्हा द्यावे.

लिहिण्या-वाचण्यात विशिष्ट अडचण असणाऱ्या मुलांना आळशी ठरवण्याची घाई होते. शासकीय किंवा महापालिकेच्या अधिकृत रुग्णालयातून, उदाहरणार्थ मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातून, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसह सवलती मिळतात. तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात, त्यामुळे दहावीची वाट न पाहता पाचवी-सहावीतच नाव नोंदवावे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असणाऱ्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

सातवी पायरी: रुग्णालयात

मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला रात्री अकराच्या सुमारास एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. अर्ध्या तासात माझ्यासमोर संमतीपत्र आले. त्यावर आजाराच्या नावाची, प्रक्रियेच्या नावाची आणि धोक्यांची जागा कोरी होती, फक्त खाली सहीसाठी फुली मारलेली होती. मी निवासी डॉक्टरांना म्हटले, “डॉक्टर, या तीन जागा भरून द्याल का? मग लगेच सही करते.” त्यांनी उभ्या उभ्या भरल्या आणि भरता भरता पाठीच्या मणक्यातून पाणी काढून का तपासायचे, हे पाच मिनिटांत समजावूनही सांगितले. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नये, एवढे या पायरीतले लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. उपचार कोणता, का, पर्याय काय, धोका काय आणि उपचार न केल्यास काय, हे समजल्यावर दिलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सांगितले आहे.

अल्पवयीन मुलासाठी संमती आई, वडील किंवा कायदेशीर पालक देतात. आई आणि वडील दोघेही गावाला जाणार असतील आणि मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल, तर उपचारांच्या निर्णयाविषयी त्यांना लिहून दिलेले साधे अधिकारपत्र, आपले फोन क्रमांक आणि मुलाच्या ॲलर्जीची नोंद घरात ठेवावी. जीवावर बेतले असताना पालक जवळ नसले, तरी डॉक्टर मुलाच्या भल्यासाठी संमतीविना उपचार करू शकतात, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये तसे संरक्षण आहे. तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, मग पैसे जवळ असोत वा नसोत.

खर्चाच्या बाबतीत नव्या पालकांनी चार वाटा माहीत करून घ्याव्यात. पहिली, एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात औषधे, तपासण्या आणि वाहन मोफत मिळते. दुसरी, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्वांनाच उपचार मोफत आहेत. तिसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र फक्त योजनेतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी, म्हणून दाखल होताच तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठावे. चौथी वाट सर्वांत कमी वापरली जाते. धर्मादाय रुग्णालयांनी, म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांनीसुद्धा, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असल्यास निर्धन आणि तीन लाख साठ हजारांपर्यंत असल्यास दुर्बल, असे धरले जाते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन पहिल्याच दिवशी जावे, कारण बिल तयार झाल्यावर ही सवलत मागणे फार कठीण जाते. नकार मिळाला तर तक्रार धर्मादाय आयुक्त किंवा सहआयुक्तांच्या कार्यालयात करावी.

रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, औषधे बाहेरच्या दुकानातून आणणे, बिलाचा तपशील मागणे हे हक्क त्या सनदेत आहेत, आणि बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही हेही त्यात आहे. डॉक्टरांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर दुसरे मत घेणाऱ्या डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून केस पेपरची प्रत हवी, असे मी नेहमी सांगते, आणि अशा विनंतीला चांगले डॉक्टर कधी नाही म्हणत नाहीत.

या प्रतीसाठीही लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून बहात्तर तासांत कागदपत्रे द्यायची असतात. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. दाखल असतानाच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि संमतीपत्र हे सगळे मागावे. मिळाले नाही तर शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे पोचेची प्रत जोडून तक्रार द्यावी. त्याच विनियमांत डॉक्टरांनी उपचारांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात असे म्हटले आहे. त्यामुळे ज्यांचे बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीत किंवा नवजात अतिदक्षता कक्षात होते आणि आता अडीच वर्षांचे झाले आहे, त्यांनी तो अर्ज याच आठवड्यात द्यावा.